जुना लॅपटॉप आणि त्याचा रुसलेला पडदा

आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही श्रोत्यांना आश्चर्य वाटले असेल. ज्या व्यासपीठावरून राज्यकारभार, शेती, शिक्षण, आरोग्य असल्या विषयांचा ऊहापोह व्हावयाचा, तेथे बिघडलेल्या लॅपटॉपची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु लॅपटॉप ही आता दिवाणखान्यातील चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलीचा प्रवेश-अर्ज, मुलाचा अभ्यास, वडिलांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, दुकानाचे हिशेब आणि घरातल्या गेल्या दहा वर्षांची छायाचित्रे या एका पेटीत साठलेली असतात. ज्या घरात असे यंत्र एकच आहे आणि तेही दहापंधरा वर्षांचे आहे, त्या घरात त्याचा पडदा एके दिवशी काळा झाला म्हणजे घराचा व्यवहारच अडतो. अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानात पहिले वाक्य बहुधा असे ऐकू येते की, "हा आता जुना झाला, नवा घ्या." हे वाक्य कधी पूर्ण खरे असते, कधी अर्धे खरे असते आणि कधी मुळीच खरे नसते. यांपैकी केव्हा काय, हे ओळखावयाची रीत समजावून सांगावी, एवढाच आमचा हेतू आहे. यंत्रशास्त्राचे विशेष ज्ञान नसलेल्या माणसालाही ही रीत वापरता येते, कारण तिला धीर आणि क्रम या दोनच गोष्टी लागतात.

पडद्यावर चित्र येते कसे

प्रथम मुळाकडे जाऊ. लॅपटॉपचा पडदा म्हणजे लहान लहान ठिपक्यांची जाळी होय. २०१० च्या आसपास विकल्या गेलेल्या सर्वसाधारण लॅपटॉपांत एका ओळीत १३६६ ठिपके आणि अशा ७६८ ओळी असत. गुणाकार केला तर ही संख्या १० लाख ४९ हजारांच्या घरात जाते. हे सर्व ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी चार बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे २५ कोटी बाइटांची उलाढाल केवळ पडद्यासाठी होते.

हे काम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात टाकले तर त्याला दुसरे काही सुचणारच नाही. म्हणून चित्र काढण्यासाठी एक स्वतंत्र चिप योजलेली असते. तिला ग्राफिक्स चिप म्हणतात. काही यंत्रांत ती प्रोसेसरच्याच पोटात असते, काहींत वेगळी असते, आणि काहींत दोन्ही प्रकारच्या दोन चिपा असतात. आता अडचण अशी की, विंडोजसारखी कार्यप्रणाली एक भाषा बोलते आणि प्रत्येक चिपेची बोली निराळी. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतील चिपांची बोलीसुद्धा एक नसते. यास्तव दोघांच्या मध्ये एक दुभाषी लागतो. "येथे खिडकी उघड, येथे अक्षर लिही, हा चित्रपट दाखव" ही कार्यप्रणालीची आज्ञा चिपेला समजेल अशा बोलीत सांगणारा जो छोटा प्रोग्राम, तोच डिस्प्ले ड्रायव्हर होय. ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा, हा अर्थ येथे फारसा उपयोगाचा नाही. दुभाषी हीच कल्पना मनात ठेवावी.

दुभाषी नसला तर दरबार अगदीच ठप्प होतो काय? तसे नाही. १९८७ साली आय.बी.एम. कंपनीने आपल्या संगणकांबरोबर व्ही.जी.ए. नावाची चित्रपद्धती आणली. तिच्यातील मोजक्या खाणाखुणा पुढे बहुतेक सर्व चिपांना समजू लागल्या. खरा ड्रायव्हर हरवला म्हणजे विंडोज असल्याच एका प्राथमिक ड्रायव्हरवर वेळ निभावते. विंडोज ७ मध्ये त्याला 'स्टँडर्ड व्ही.जी.ए. ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर' म्हणत; विंडोज ८ पासून पुढे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' हे नाव दिसते. हे नाव दिसले की समजावे, दुभाषी रजेवर असून खाणाखुणांवर काम चालू आहे.

या अवस्थेची लक्षणे ठरलेली आहेत. जुन्या यंत्रांत १३६६ गुणिले ७६८ हे माप प्राथमिक यादीत बहुधा नसते, म्हणून चित्र १०२४ गुणिले ७६८ या मापात निघते आणि आडवे ताणले जाते. हा ताण जवळजवळ एकतृतीयांश असतो. त्यामुळे वर्तुळ अंड्यासारखे दिसते आणि ओळखीचे चेहरे सुजल्यासारखे वाटतात. उजेड कमीजास्त करण्याच्या कळा चालत नाहीत. यंत्र झोपवावयाची सोय नाहीशी होते. चित्रपट अडखळत चालतो आणि पंखा घोंगावू लागतो, कारण चिपेचे ओझे आता मुख्य प्रोसेसर वाहत असतो. ही सर्व लक्षणे एकत्र दिसली तर घाबरावयाचे कारण नाही, किंबहुना आनंदच मानावा. चित्र दिसत आहे याचा अर्थ पडदा, केबल आणि चिपेचा निदान प्राथमिक भाग जिवंत आहे.

रोग शरीराचा की भाषेचा

वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. येथेही ड्रायव्हर शोधावयास धावण्यापूर्वी बिघाड यंत्राच्या शरीरात आहे की त्याच्या भाषेत आहे, याचा निर्णय केला पाहिजे. त्यासाठी पाच परीक्षा सांगतो. पहिल्या चारींना एक पैसाही लागत नाही.

पहिली परीक्षा विजेरीची. पडदा काळा आहे, पण यंत्र सुरू असल्याचा आवाज येतो, अशा वेळी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरपा विजेरीचा झोत टाकावा. अंधुक चित्र दिसले तर ड्रायव्हर निर्दोष आहे; पडद्यामागचा दिवा गेला आहे. २०१० पूर्वीच्या पुष्कळ लॅपटॉपांत हा दिवा म्हणजे एक बारीक नळी असे व तिला वीज पुरविणारी एक छोटी पट्टी असे. ही पट्टी बदलणे म्हणजे नवा लॅपटॉप घेणे नव्हे.

दुसरी परीक्षा बिजागरीची. झाकण हळूहळू मागेपुढे करावे. विशिष्ट कोनात चित्र येते-जाते असे दिसले तर दोष बिजागरीतून जाणाऱ्या केबलीत आहे.

तिसरी परीक्षा दुसऱ्या पडद्याची. बहुतेक जुन्या लॅपटॉपांना बाजूला पंधरा छिद्रांचे व्ही.जी.ए. तोंड किंवा एच.डी.एम.आय. तोंड असते. शेजाऱ्याचा मॉनिटर किंवा घरातला टीव्ही त्याला जोडावा आणि विंडोजची खूण असलेली कळ दाबून पी दाबावे. बाहेरच्या पडद्यावर चित्र स्वच्छ आले तर चिप व ड्रायव्हर यांच्यावरचा संशय बराच कमी होतो आणि दोष लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याकडे वळतो. तोच गोंधळ बाहेरही दिसला तर पडदा निर्दोष ठरतो.

चौथी परीक्षा बायोसची. यंत्र सुरू होताच एफ २, एफ १०, डिलीट किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबली म्हणजे बायोसची पाने उघडतात. तेथे विंडोज अजून जागी झालेली नसते, म्हणजे तिच्या ड्रायव्हरचा प्रवेशच झालेला नसतो. तेथेही उभ्या-आडव्या रेघा, रंगीत चौकटी किंवा तुटकी अक्षरे दिसली, तर दोष भाषेचा नसून शरीराचा आहे हे निश्चित समजावे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. बायोसची पाने स्वच्छ दिसली म्हणजे चिप पूर्ण निरोगी आहे असे सिद्ध होत नाही, कारण साधी पाने दाखविण्यास चिपेला फारसे श्रम पडत नाहीत. घरात चालणारा माणूस डोंगर चढेलच असे नाही.

म्हणून पाचवी परीक्षा, परक्या दुभाष्याची. लिनक्स नावाची मुक्त कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून, लॅपटॉपमधील काहीही न पुसता, तिच्यावरून यंत्र तात्पुरते चालविता येते. तिचे ड्रायव्हर वेगळ्या लोकांनी लिहिलेले आहेत. अर्धा तास चित्रपट लावून पाहावा. येथे सर्व सुरळीत चालले आणि विंडोजमध्ये मात्र पडदा बिघडत असेल, तर विंडोजचा ड्रायव्हरच दोषी होय. दोन्हीकडे सारखाच बिघाड झाला तर चिपेवरचा संशय बळावतो.

शरीराच्या रोगांत उष्णता हा मोठा शत्रू आहे. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रापासून उन्हाचा कडाका सुरू होतो आणि धूळ तर बारमाही. पंख्यापुढची जाळी धुळीने बुजली की चिप तापते आणि वीसपंचवीस मिनिटांनी पडदा गोठतो. यंत्र थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर अडते, हा क्रम दिसला तर ड्रायव्हर बदलीत बसण्याऐवजी आधी पंखा साफ करून घ्यावा. काही चिपांच्या बाबतीत तर दोष जन्मजात होता. एनव्हिडिया कंपनीने जुलै २००८ मध्ये जाहीर केले की, तिच्या काही लॅपटॉप-चिपांत वापरलेले जोडणीचे साहित्य अशक्त असून त्याच्या भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवावे लागत आहेत. वारंवार तापण्याने व निवण्याने चिपेखालचे बारीक जोड तडकत असत. अशी चिप गरम हवेने शेकून काही दिवस चालू करणारे कारागीर सर्वत्र आहेत. पण तडकलेला जोड शेकण्याने कायमचा सांधत नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी जाणून घ्यावे.

चिपेचे कूळ आणि गोत्र

परीक्षेअंती दोष भाषेचा ठरला, म्हणजे योग्य दुभाषी शोधावयाचा. त्यासाठी चिप कोणत्या कुळातली हे कळले पाहिजे. लॅपटॉपवर चिकटविलेला कागद येथे पुरेसा नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' या मथळ्याखाली चिपेचे नाव असते. नाव नसेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमधील 'डिटेल्स' पानावर 'हार्डवेअर आयडी' निवडावे. तेथे दोन आकडे मिळतात: व्हेन या अक्षरांपुढचा कंपनीचा आणि डेव्ह या अक्षरांपुढचा चिपेचा. कंपनीचा आकडा ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया आणि १००२ असेल तर एएमडी. हे दोन आकडे म्हणजे चिपेचे कूळ आणि गोत्र. दुकानदार काहीही म्हणो, हे आकडे खोटे बोलत नाहीत.

त्याच ठिकाणी विंडोज आपली तक्रारही क्रमांकाने सांगते. क्रमांक २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाही. क्रमांक १० म्हणजे यंत्रभाग सुरू होऊ शकत नाही. क्रमांक ४३ म्हणजे यंत्रभागाने स्वतःच बिघाड कळविल्यामुळे विंडोजने त्याला थांबविले आहे; याचे कारण कधी ड्रायव्हर असतो, कधी खरोखरच चिप. २८ हा सर्वांत सुखाचा क्रमांक आणि ४३ हा सर्वांत काळजीचा, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

आणखी एक संदेश पुष्कळांनी पाहिला असेल. पडदा क्षणभर काळा होतो आणि मग "डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला आहे" अशा अर्थाची सूचना येते. विंडोज व्हिस्टापासून अशी योजना आहे की, चिपेने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज तिला झटकून पुन्हा उभी करते. असे कधीतरी एकदा झाले तर त्यात काही विशेष नाही. दिवसातून दहादा होऊ लागले तर उष्णता, ड्रायव्हर आणि चिप या क्रमाने शोध घ्यावा.

उपचारांचा क्रम

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने कोअर मालिकेची दुसरी पिढी बाजारात आणली. तिच्यापैकी पुष्कळ लॅपटॉपांत एच.डी. ग्राफिक्स ३००० नावाची चिप प्रोसेसरच्या पोटातच आहे. तिच्या एका सामान्य प्रकाराचे आकडे ८०८६ आणि ०११६ असे आहेत. समजा, अशा यंत्रावर पूर्वी विंडोज ७ उत्तम चालत होती आणि नंतर विंडोज १० चढविण्यात आली. एके दिवशी अद्ययावतीकरण झाले आणि पडदा काळा झाला. काय करावे?

प्रथम आत शिरण्याची वाट शोधावी. विंडोज १० सुरू होताना सलग दोनतीनदा मध्येच बंद पडली की दुरुस्तीचे पान आपोआप उघडते. तेथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' या वाटेने जाऊन यंत्र पुन्हा सुरू केले म्हणजे एक यादी येते. तीत ३ हा आकडा कमी मापाच्या चित्रासाठी आणि ४ हा आकडा सेफ मोडसाठी आहे. सेफ मोडमध्ये खरा ड्रायव्हर बाजूला ठेवला जातो, म्हणून चित्र दिसू लागते. येथे पोहोचताच पहिले काम एकच: महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. दुरुस्ती नंतर, ठेव आधी.

दुसरी पायरी मागे फिरण्याची. नव्या ड्रायव्हरनंतर बिघाड झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटन जुना ड्रायव्हर परत आणते. ते मंद दिसत असेल, म्हणजे जुना शिल्लक नसेल, तर सिस्टिम रिस्टोअर वापरून यंत्र आठवडाभर मागच्या स्थितीत नेता येते. बहुसंख्य तक्रारी येथेच मिटाव्यात.

तिसरी पायरी काढून बसविण्याची. ड्रायव्हर काढून टाकावा. जुने अवशेष राहिल्याचा संशय असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा प्रोग्राम सेफ मोडमध्ये चालवून ते साफ करावेत. नंतर नवा ड्रायव्हर घ्यावयाचा तो कोठून? प्रथम लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या स्थळावरून, त्याच मॉडेलचा. नंतर चिप बनविणाऱ्या कंपनीकडून. आणि नंतर विंडोज अपडेटकडून. हा क्रम निष्कारण नाही. लॅपटॉपच्या कंपन्या पडद्याची जोडणी, उजेडाच्या कळा आणि दोन चिपांची अदलाबदल यांसाठी ड्रायव्हरमध्ये आपापले फेरफार करून घेतात. म्हणूनच इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर कधीकधी "हा या संगणकासाठी तपासलेला नाही" असे सांगून बसण्याचे नाकारतो.

या ठिकाणी एक इशारा दिला पाहिजे. "तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणात फुकट अद्ययावत करतो" अशी जाहिरात करणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत. दुभाषी हा दरबाराच्या गाभ्यात वावरणारा माणूस आहे. रस्त्यावरून अनोळखी मनुष्य आणून त्या जागी बसविणे शहाणपणाचे नव्हे.

आता आपल्या उदाहरणातील खरी गोम पाहू. एच.डी. ३००० साठी इंटेलने विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर काढलाच नाही. विंडोज अपडेट जो ९.१७.१०.४४५९ या क्रमांकाचा ड्रायव्हर बसविते तो आधीच्या विंडोजसाठी लिहिलेल्या मालिकेतला आहे. तो पडदा नीट दाखवितो, चित्रपटही चालवितो. परंतु ओपन जी.एल. पद्धतीने चित्र काढणाऱ्या काही खेळांना आणि आरेखनाच्या प्रोग्रामांना विंडोज १० वर त्याची मदत मिळत नाही व ते उघडतच नाहीत. येथे चिप मेलेली नाही, ड्रायव्हर मोडलेला नाही, वापरणाऱ्याचीही चूक नाही. दुभाष्याने नवी राजभाषा शिकलेलीच नाही, एवढाच याचा अर्थ. ही मर्यादा ओळखली म्हणजे रात्र रात्र ड्रायव्हर बदलीत बसण्याचा खटाटोप वाचतो. विंडोज ११ चा तर प्रश्नच उद्भवत नाही. तिला डायरेक्ट एक्स १२ समजणारी चिप हवी आणि एच.डी. ३००० ची मजल १०.१ पर्यंतच आहे.

दुभाषी का निघून जातो

आतापर्यंत आपण बिघाडाचा विचार केला. पण वरील उदाहरणात जे घडले त्याला बिघाड म्हणता येत नाही. त्याला त्याग म्हणावे लागेल. असे त्याग या क्षेत्रात वारंवार झालेले आहेत. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली, तेव्हा तिने ड्रायव्हरची सारी घडणच बदलली. इंटेलच्या ९१५ या चिपेसाठी नव्या घडणीचा ड्रायव्हर झाला नाही, आणि "व्हिस्टासाठी सक्षम" असे लेबल लावून विकलेल्या कित्येक यंत्रांना व्हिस्टाचे खरे रूप दाखविता आले नाही. त्यावरून अमेरिकेत न्यायालयात फिर्यादही झाली. एप्रिल २०१२ मध्ये एएमडीने रेडिऑन एच.डी. २०००, ३००० व ४००० या मालिका जुन्या खात्यात टाकल्या. एनव्हिडियाच्या ३४० मालिकेच्या ड्रायव्हरवर ज्या चिपा अवलंबून होत्या त्यांचा आधार २०१९ अखेर आणि ३९० मालिकेवरील चिपांचा २०२२ अखेर संपला.

यात कंपन्यांची बाजू मुळीच नाही असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक नव्या कार्यप्रणालीवर प्रत्येक जुन्या चिपेची तपासणी करावयाची तर माणसे लागतात, वेळ लागतो. आणि जुन्या यंत्राचा मालक या कामाचे पैसे देत नाही. व्यापाराच्या दृष्टीने हे गणित चुकीचे नाही. परंतु गणित बरोबर असले म्हणजे त्याचे परिणाम नाहीसे होतात असे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्याने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. त्या ढिगाऱ्यात अशी किती यंत्रे असतील, ज्यांचे शरीर धडधाकट होते आणि केवळ दुभाषी निघून गेला होता? आकडा सांगता येणार नाही, पण प्रश्न टाळताही येणार नाही.

दुसरी वाट

सुदैवाने त्यागलेल्या यंत्रांसाठी एक वाट खुली आहे. लिनक्समध्ये ड्रायव्हरची मूळ संहिता सर्वांसमोर उघडी असते. त्यामुळे कंपनीचे लक्ष उडाले तरी इतरांना ती सांभाळता येते. ज्या ९१५ चिपेला व्हिस्टाने उंबऱ्याबाहेर ठेवले, तिच्याच नावाने, म्हणजे 'आय ९१५' या नावाने, इंटेलच्या चिपांचा लिनक्स-ड्रायव्हर आजही ओळखला जातो, आणि एच.डी. ३००० चे कामही तोच पाहतो. रेडिऑनच्या जुन्या मालिकांसाठी 'रेडिऑन' हाच ड्रायव्हर आहे. एनव्हिडियाच्या चिपांसाठी स्वयंसेवकांनी चिपेचे वर्तन बाहेरून निरखून, तिची बोली स्वतः शिकून, 'नूव्हो' नावाचा ड्रायव्हर रचला. तो वेगात मूळ ड्रायव्हरची बरोबरी नेहमी करीत नाही, पण लिहिणे-वाचणे, पत्रव्यवहार आणि हिशेब यांना तो पुरतो.

या वाटेवरही खड्डे आहेत. लिनक्स सुरू होतानाच पडदा काळा झाला तर आरंभीच्या यादीवर 'ई' ही कळ दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा व एफ १० दाबावे. त्यामुळे खरा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि प्राथमिक चित्र येते. पुष्कळ लोक हा शब्द तेथेच कायमचा ठेवतात आणि मग यंत्र हळू चालते म्हणून कुरकुर करतात. मोडलेल्या पायासाठी घेतलेली कुबडी पाय बरा झाल्यावर टाकून द्यावयाची असते. योग्य ड्रायव्हर बसताच हा शब्द काढावा.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यानंतर ठरावीक मुदतीची जादा सुरक्षा-योजना तेवढी उरली. आधार संपलेल्या प्रणालीवर पडदा कितीही सुंदर दिसत असला तरी बँकेचे व्यवहार करू नयेत. अशा यंत्रावर लिनक्स घालावी, नाहीतर त्याची जोडणी तोडून ते केवळ लिखाणासाठी ठेवावे. आणि चिपच खरोखर मेली असेल, मदरबोर्ड बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीपलीकडे जात असेल, तर मोह आवरावा. आतली डिस्क काढून ठेव वाचवावी आणि देह भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनर्वापर-केंद्राकडे द्यावा. विद्युत-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात लागू झालेले आहेत, आणि अशी केंद्रे त्या नियमांनुसारच चालतात.

समारोप

तात्पर्य, पडदा बिघडला म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी संभवतात: शरीर मेले, दुभाषी आजारी पडला किंवा दुभाषी सोडून गेला. पहिलीला कारागीर हवा, दुसरीला धीर हवा आणि तिसरीला दुसरी वाट हवी. तिन्हींना "जुना झाला" हा एकच शब्द लावणे म्हणजे निदान न करता रोग्याला स्मशानात पोहोचविणे होय. गावोगावच्या शाळांत आणि वाचनालयांत कपाटावर धूळ खात पडलेली यंत्रे आहेत. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दोन विद्यार्थ्यांनी एक विजेरी, एक उसना मॉनिटर आणि एक पेन ड्राइव्ह घेऊन त्यांची तपासणी करावी. दहांपैकी तीन उठून बसली तरी त्या वाचनालयात तीन मुलांची सोय होईल, आणि उरलेल्या सातांविषयी ती खरोखरच गेली आहेत असे खात्रीने म्हणता येईल. वस्तू टाकणे वाईट नाही; न पाहता टाकणे वाईट, एवढेच आमचे सांगणे आहे.